भाडं येतंय, पण राहतंय किती?

पहिला फ्लॅट भाड्याने गेला, की दुसऱ्याची स्वप्नं पडायला लागतात. पण दुसऱ्याचं टोकन देण्याआधी पहिल्याचा खरा हिशेब कधी मांडलाय? आमच्या घरी एका रविवारी तो मांडला गेला. त्या दिवशी पोहे थंड झाले, पण बाबांची पुंजी वाचली.

२०२४ चा जून. मुंबईहून वीकएन्डला मी पुण्याला घरी आले होते. कोथरूडमधल्या आमच्या डायनिंग टेबलवर पोहे होते, चहा होता आणि मधोमध दादाचा लॅपटॉप. स्क्रीनवर रावेतच्या एका वन बीएचकेचे फोटो. रेडी पझेशन, किंमत ५५ लाख. दादा आयटीतला, त्यामुळे प्रेझेंटेशन एकदम चकाचक. शेवटच्या स्लाइडवर पाचच शब्द: '२०३० पर्यंत चार फ्लॅट. रिटायर!'

बाबा नुकतेच, मे महिन्यात, खरोखरचे रिटायर झाले होते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत नुसते पडून होते. दादाला त्यातले १८ लाख हवे होते. "बाबा, पैसे घरातच राहतात हो. पहिल्या फ्लॅटचं भाडं येतंच आहे, दुसऱ्याचंही येईल. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा."

बाबा जवळजवळ हो म्हणणारच होते. तेवढ्यात आईने विचारलं, "पहिल्याचं भाडं येतं, ते राहतं किती?"

दादा म्हणाला, "एकोणीस हजार."

"येतं ते नाही रे. राहतं किती?"

दादाला उत्तर देता येईना. मग माझ्याकडे बोट गेलं. "तू पत्रकार आहेस ना? काढ शोधून." झालं! माझा रविवार गेला, पण त्यातून हा लेख निघाला. कारण दादासारखे तिशीतले कितीतरी जण आज याच वळणावर उभे आहेत. एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय, आणि आता दुसऱ्याचे वेध लागलेत.

कागदावर १९, हातात १२

दादाने वाकडचा वन बीएचके २०१८ मध्ये ४२ लाखांना घेतला. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि पंखे-गिझरपासून किचन ट्रॉलीपर्यंतचा खर्च धरला तर ४५ लाख. त्यातलं कर्ज ३३ लाख, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. हप्ता साधारण २८,६००. २०२४ मध्ये भाडं होतं १९,००० आणि फ्लॅटची किंमत झाली होती साठेक लाख.

वर्षाला २ लाख २८ हजार म्हणजे किमतीच्या ३.८ टक्के. ब्रोकर हाच आकडा सांगतो. ऐकायला बरा वाटतो, म्हणून आपणही पुढे विचारत नाही. आम्ही मात्र बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि एकेक ओळ वाचत गेलो.

एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, त्यात एक महिना रिकामा गेला. म्हणजे भाडं बारा नाही, अकरा महिन्यांचं: २,०९,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ३०,०००. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी वेगळे घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस २,४००. महापालिकेचा मिळकत कर ७,०००. ब्रोकरला अर्ध्या महिन्याचं भाडं, ९,५००. रंग, बाथरूमची गळती आणि गिझरची कॉइल मिळून १४,०००. करारनाम्याचा खर्च २,१००. एकूण ६५,०००.

उरले १ लाख ४४ हजार. म्हणजे महिन्याला १२,०००, फ्लॅटच्या किमतीवर २.४ टक्के.

आणि हप्ता २८,६००! फरक १६,६०० रुपयांचा. हा खड्डा दर महिन्याला दादाचा पगार भरत होता. पुणेकरांना खड्ड्यांची सवय असते हे मान्य, पण हा खड्डा सहा वर्षांत दादाला दिसलाच नव्हता. भाडं एका खात्यात यायचं, हप्ता दुसऱ्या खात्यातून कटायचा आणि मेंटेनन्स यूपीआयवरून जायचा. तिन्ही आकडे एका कागदावर कधी भेटलेच नाहीत.

आता दादाची बाजूही ऐकू या, कारण तो काही अगदीच चुकीचं बोलत नव्हता. "हप्त्यातलं मुद्दल म्हणजे माझी बचतच ना? आणि ४२ चे ६० झाले, त्याचं काय?" बरोबर. पण पहिल्या वर्षांत हप्त्याचा मोठा वाटा व्याजात जातो. सहा वर्षांत दादाने वीस लाखांच्या वर हप्ते भरले, त्यात कर्ज उतरलं जेमतेम पाच लाखांनी. आणि ४५ लाख घालून सहा वर्षांनी ६० लाख, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास वाढ. वाईट नाही. पण 'रिअल इस्टेट म्हणजे डबल' या गप्पांपासून बरीच लांब. शिवाय ती वाढ फ्लॅट विकला तरच हातात येते. हप्ता मात्र दर पाच तारखेला लागतो.

२०२० ची आठवण

लॉकडाऊन लागला तेव्हा दादाच्या फ्लॅटमध्ये हिंजवडीत नोकरी करणारी दोन मुलं राहत होती. वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि दोघं आपापल्या गावी गेले. त्यांनी सामान टेम्पोत घातलं आणि डिपॉझिट मागितलं. त्यांचा हक्कच होता तो. पण दादाने ते ४५ हजार केव्हाच फर्निचरमध्ये घातलेले! माझ्याकडून उसने घेऊन त्याने ते परत केले.

फ्लॅट सात महिने रिकामा होता. फक्त हप्त्याचेच दोन लाख रुपये पगारातून गेले. त्या वेळी वाकडमध्ये प्रत्येक बिल्डिंगवर 'टू लेट' झळकत होतं, कारण सगळ्यांचे भाडेकरू एकाच आयटी पार्कवर जगत होते. शेवटी फ्लॅट साडेअकरा हजारांना गेला. भाडी पुन्हा चढायला २०२२ उजाडलं.

यातून दोन धडे मिळाले. एक, डिपॉझिट हे उत्पन्न नाही, ते भाडेकरूचे पैसे आहेत. वेगळ्या खात्यात ठेवा आणि विसरून जा. दोन, दुसरा फ्लॅट घेताना पहिल्याचाच भाऊ घेऊ नका. वाकड आणि रावेत, दोन्ही हिंजवडीच्याच भरवशावर. दोन फ्लॅट असले तरी जोखीम एकच, तीही डबल. त्यापेक्षा दुसरा फ्लॅट कॉलेज, हॉस्पिटल किंवा बँका-सरकारी ऑफिसं जवळ असलेल्या भागात बघा. तिथला भाडेकरू वेगळ्या कारणासाठी येतो. एका ठिकाणी मंदी आली तरी दुसरीकडे चूल पेटती राहते.

दुसऱ्या फ्लॅटचं गणित

आता रावेतकडे वळू. ५५ लाखांच्या घराला बँक ८० टक्के, म्हणजे ४४ लाख देते. (रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा आहे, आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत.) म्हणजे खिशातून ११ लाख. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ३ लाख ८५ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. भाड्याने देण्याजोगं करायला अडीच लाख. बेरीज १७ लाख ६५ हजार. बाबांकडून मागितलेले १८ लाख ते हेच.

(इथे वहिनीने एक बाउन्सर टाकला. "फक्त माझ्या नावावर घ्या, एक टक्का वाचेल." अगदी खरं! महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे. इथे ५५ हजार रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. दादा हसला, पण जरा जपूनच.)

कर्ज ४४ लाख आणि दर साडेआठ टक्के धरला तर वीस वर्षांसाठी हप्ता ३८,२००. प्रत्यक्षात दर थोडा कमी मिळाला तरी हिशेब जरा कडक दरानेच करावा. कारण २०२१ मध्ये सात टक्क्यांच्या आत मिळणारं कर्ज २०२३ मध्ये नऊच्या आसपास गेलेलं आपण पाहिलंय. ४० लाखांच्या कर्जावर सात आणि नऊ टक्क्यांतला फरक महिन्याला पाच हजारांचा होतो.

रावेतला अपेक्षित भाडं १७,०००. पहिल्या फ्लॅटच्या अनुभवाने त्यातले हातात राहणार १०,७००. नवा खड्डा २७,५००. जुना मिळवला तर ४४,१००, दर महिन्याला. दादाचा हातात येणारा पगार तेव्हा होता १ लाख ३० हजार. आणि दोन्ही फ्लॅट एकदम रिकामे झाले तर? फक्त हप्तेच ६६,८००. म्हणजे निम्मा पगार. त्यात नोकरीच गेली तर काय, हे टेबलवर कुणी बोललं नाही. पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं.

'एकातून दुसरा' हे वाक्य इथे कोसळतं. पहिला फ्लॅट दुसऱ्याला पैसे देत नव्हता. तोच अजून पगाराच्या जिवावर जगत होता. दुसरा फ्लॅट दादाचा पगार आणि बाबांची म्हातारपणाची पुंजी घेणार होते, नाव मात्र भाड्याचं होणार होतं.

टॅक्सची गंमत

"पण टॅक्स वाचतो ना!" दादाचं शेवटचं हत्यार.

भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकत कर वजा होतो, आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, बिलं लागत नाहीत. इथपर्यंत मस्त. कर्जाचं व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं की येतो तोटा, आणि खरी मेख तिथे आहे. जुन्या करपद्धतीत हा तोटा पगारातून वजा होतो, पण वर्षाला जास्तीत जास्त २ लाख. घर एक असो वा चार, मर्यादा तीच, २०१७-१८ पासून. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं घरभाड्याच्याच उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या करपद्धतीत तर हा तोटा पगारातून वजाच होत नाही, आणि ती निवडली तर तो पुढेही नेता येत नाही. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू असते. जुनी हवी तर मुद्दाम निवडावी लागते. दादाने त्याच वर्षी नवी पद्धत घेतली होती, कारण एचआरचा मेल आला होता! थोडक्यात काय, टॅक्स वाचवायला दुसरा फ्लॅट हे समीकरण घालण्याआधी आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते तरी बघा.

अकरा महिन्यांचा गैरसमज

आणखी एक गोष्ट, जी नव्या घरमालकांना हमखास चुकवते. "अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला करायचा?" महाराष्ट्रात हे चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झालाच, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करत बसा तुम्ही.

उलट रजिस्टर्ड करार असेल तर कायदा घरमालकाच्या बाजूने भक्कम आहे. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाड्याने भरपाई मिळू शकते. खर्च किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, आणि शहरात हजार रुपये रजिस्ट्रेशन फी. ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो. दोन पिझ्झांच्या पैशात एवढी सुरक्षितता दुसरीकडे कुठे मिळते?

सोसायटीचंही बघून घ्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. तुमची सोसायटी 'भाडेकरू म्हणजे डबल मेंटेनन्स' म्हणत असेल तर नम्रपणे, पण लेखी विचारा.

आणि एक मुद्दा टेबलाच्या पलीकडून, कारण मी स्वतः मुंबईत भाडेकरू आहे. माझ्या पहिल्या घराच्या मालकांनी गळणारा नळ चार महिने दुरुस्त केला नाही. पंधराशे वाचवले. मी घर सोडलं, आणि त्यांचं घर दोन महिने रिकामं राहिलं. हिशेब तुम्हीच करा. चांगला भाडेकरू टिकवणं हाच भाड्याच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दरवर्षी बाजाराच्या टोकाचं भाडं मागण्यापेक्षा पाचशे-हजार कमी घेऊन माणूस तीन वर्षं राहिला, तर ब्रोकर, रंग आणि रिकामा महिना, तिन्ही वाचतात.

आईचं गणित

संध्याकाळी आईने वहीचं एक पान पुढे केलं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला होता, आणि मर्यादा ३० लाखांची. १८ लाख ठेवले तर वर्षाला १,४७,६००. दर तीन महिन्यांनी ३६,९००. म्हणजे महिन्याला १२,३००.

साठ लाखांचा फ्लॅट हातात देत होता १२,०००. पोस्टातले अठरा लाख देणार होते १२,३००. ना नळ गळणार, ना भाडेकरू पळणार.

तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मीच आईला सांगितलं. फ्लॅटची किंमत वाढते, भाडंही वाढत जातं. पोस्टाचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, आणि त्यावर टॅक्सही आहे. आई म्हणाली, "मान्य. पण वाढ बघायला दादाकडे तीस वर्षं आहेत. आम्हाला दर महिन्याला औषधं लागतात."

दादा बराच वेळ गप्प होता. मग त्याने लॅपटॉप मिटला. "बाबा, तुम्ही पोस्टात टाका."

मग वाढवायचं कसं?

म्हणजे दुसरा फ्लॅट घ्यायचाच नाही का? तसं नाही. दादाने नियम केला: आधी पहिल्याचा खड्डा अर्धा तरी बुजवायचा. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो. बोनस आणि कंपनीचे शेअर विकून त्याने २०२५ च्या दिवाळीपर्यंत सहा लाख मुद्दलात भरले. बँकेला सांगितलं, मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. त्या वर्षी रेपो दर उतरला, त्याचाही हातभार लागला. हप्ता आला साडेएकवीस हजारांवर. भाडं झालं साडेवीस, हातात तेरा. खड्डा १६,६०० वरून साडेआठ हजार. सेकंड हँड बाइकच्या हप्त्याइतका.

दुसऱ्याचं टोकन देण्याआधी हे तपासा

• गेल्या बारा महिन्यांचं खरं भाडं: सगळे खर्च आणि रिकामे महिने वजा करून.

• दोन्ही हप्ते सहा महिने भरता येतील एवढी रक्कम एफडीत आहे का? भाडेकरूंचं डिपॉझिट यात धरायचं नाही.

• व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला तरी झेपेल का?

• दुसऱ्या घराचा भाडेकरू पहिल्यापेक्षा वेगळ्या नोकरी-शिक्षणावर अवलंबून आहे का?

• नवं घर असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि पझेशनची तारीख. बांधकाम चालू असेल तर जीएसटी धरा, आणि भाडं सुरू व्हायला अजून अवकाश आहे हेही. रिसेल असेल तर इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, कम्प्लिशन सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी.

• आई-बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे यात आहेत का? असतील तर थांबा.

सध्या दादा कर्वेनगरला एक जुना, लहान वन बीएचके बघतोय. लिफ्ट नाही, स्विमिंग पूल नाही, म्हणून मेंटेनन्सही कमी. चालत जाण्याच्या अंतरावर कॉलेज. घाई नाही म्हणतो. त्या 'चार फ्लॅट, रिटायर' स्लाइडची आम्ही अजूनही टिंगल करतो.

परवा ब्रोकरचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. "साहेब, सतरा हजार भाडं आरामात येईल," तिकडून आवाज.

दादा म्हणाला, "येईल हो. राहील किती ते सांगा."

आई स्वयंपाकघरातून हसली.